कंट्रोल ऑल्ट टी दाबलं आणि काहीच झालं नाही

गोष्ट २०२१ ची आहे, घरून काम चालू होतं तेव्हाची. मी सांगलीत, टीम चार गावांत, आणि लॅपटॉपवर उबुंटू २०.०४, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. सकाळी साडेदहाला मशीन चालू केलं, अकराला कॉलवर स्क्रिप्ट चालवून दाखवायची होती, सवयीनं कंट्रोल ऑल्ट टी दाबलं, टर्मिनल म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी उघडायचा शॉर्टकट, आणि काहीच झालं नाही. परत दाबलं. मग म्हणलं कीबोर्ड असेल, म्हणून डावीकडच्या पट्टीत टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत टर्मिनल असं नाव आलं, शेजारी ते छोटं चक्र फिरायला लागलं, दहा-पंधरा सेकंद फिरलं आणि नाव, चक्र दोन्ही गायब. एरर नाही, खिडकी नाही, काही नाही.

एररची खिडकी येते तेव्हा निदान भांडायला कुणीतरी असतं समोर. इथे नुसती शांतता. आणि लिनक्सवर काहीही बिघडलं की आपण पहिल्यांदा टर्मिनल उघडतो, आता टर्मिनलच उघडत नाही म्हणल्यावर करायचं काय? किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, तसला प्रकार.

रीस्टार्ट केलं, अर्थातच. तेच. ऑल्ट एफ टू दाबलं की नाव टाईप करून प्रोग्राम उघडायची चौकट येते, तिथे नोम-टर्मिनल, म्हणजे याच टर्मिनलचं पूर्ण नाव, टाईप केलं, एंटर, तेच. सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बघितला, जागेवर होता. फायरफॉक्स उघडतंय, फाईल्स उघडतंय, कॅल्क्युलेटरसुद्धा उघडतंय. मध्येच वाटलं अपडेट अर्धवट राहिला असेल म्हणून सॉफ्टवेअर अपडेटर उघडायला गेले तर तोही उघडेना, पण त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही, म्हणलं तो तसाही मनाला येईल तेव्हा चालतो. खरं तर उत्तर तिथेच पडलं होतं, काय उघडतंय आणि काय उघडत नाही याची नुसती यादी केली असती तरी निम्मं काम झालं असतं. पण अकराच्या कॉलची घाई, कोण यादी करतंय.

टीममधल्या एकाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "काल रात्री काय केलंस तू?"

"काहीच नाही केलं रे."

"अगं, आठव. काहीतरी केलं असशीलच."

"खरंच काही नाही, स्क्रिप्ट चालवली आणि झोपले."

त्या क्षणी मला हे शंभर टक्के खरं वाटत होतं. कॉलवर सांगितलं की मशीन बिघडलंय, दुपारी दाखवते, आणि मोबाईल हातात घेऊन शोधायला बसले. तिथे दर दुसरा माणूस वेगळं कारण सांगत होता, कुणी म्हणे सेटिंग रीसेट करा, कुणी म्हणे लोकेल, म्हणजे भाषा-तारीख वगैरेंची सेटिंग, बघा, आणि सगळ्यात जास्त लोक म्हणत होते की टर्मिनल रीइन्स्टॉल करा. हे मला पटलं कारण ते सोपं होतं. पण रीइन्स्टॉल करायला कमांड टाकायला लागते आणि कमांड टाकायला टर्मिनल, म्हणजे परत तिथेच.

तर टीटीवाय, म्हणजे डेस्कटॉपशिवाय कमांड टाकायची सोय. हे मला ऐकून माहीत होतं, कधी वापरलं नव्हतं. कंट्रोल ऑल्ट एफ थ्री दाबलं की ग्राफिकल डेस्कटॉप बाजूला होतो आणि काळा पडदा येतो, वर मशीनचं नाव आणि लॉगिन असा शब्द. माझ्या लॅपटॉपवर एफ थ्री म्हणजे आवाज वाढवायचं बटण, त्यामुळे पहिल्या चार वेळा नुसता आवाज वाढला, मग कळलं की एफएन पण दाबायचं असतं, म्हणजे एका वेळी चार बटणं, डाव्या हाताची पार वेलांटी होते. पासवर्ड टाकताना पडद्यावर चांदण्यासुद्धा दिसत नाहीत, मी दोनदा थांबले की टाईप होतंय का नाही. झालं लॉगिन एकदाचं. एल एस केलं, म्हणजे फोल्डरांची यादी मागवली, आणि माझे सगळे मराठी नावांचे फोल्डर, ‘हिशोब’, ‘आईची औषधं’, ‘सांगली फोटो’, सगळे नुसते चौकोन चौकोन. पोटात गोळाच आला, म्हणलं डेटा गेला. गेला नव्हता. त्या काळ्या पडद्याच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ चिन्हं मावतात, देवनागरी त्यात नसते, आणि काना-मात्रा जोडून दाखवणं वगैरे तर त्याच्या गावीही नाही. डेस्कटॉपवर परत आलं की सगळं होतं तसं दिसतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी ती पाच मिनिटं सुखाची गेली असती म्हणून इथे लिहून ठेवतेय.

रीइन्स्टॉल केलं. व्यवस्थित झालं, कुठेही तक्रार नाही. कंट्रोल ऑल्ट एफ टू दाबून डेस्कटॉपवर आले, कंट्रोल ऑल्ट टी. काही नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण हे मला अजून तासाभरानं कळणार होतं.

परत काळ्या पडद्यावर. आता म्हणलं आधी सुडो ॲप्ट अपडेट तरी करून बघू (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, ॲप्ट म्हणजे उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम). याद्या सगळ्या उतरल्या आणि शेवटी भसाभसा दहा-बारा ओळी आल्या, ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्राम कुठे आपटला त्याचा माग, आणि तळाला ‘नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट अंडरस्कोर पीकेजी’. हा तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा एरर! ॲप्टच्या मध्ये पायथन कुठून आला? आणि तेव्हा पहिल्यांदा ती साधी गोष्ट सुचली जी सकाळी साडेदहालाच सुचायला हवी होती, की आपण बटणं आणि आयकॉन दाबत बसलोय, त्यांना बोलायला तोंडच नाही, तर जिथे अक्षरं दिसतात तिथे या टर्मिनलला नावानं हाक मारून बघू. त्याच काळ्या पडद्यावर नोम-टर्मिनल असं टाईप करून एंटर मारला. डिस्प्ले नाही म्हणून रडेल असं वाटलं होतं, पण ते तिथपर्यंत पोचलंच नाही. परत ट्रेसबॅक. नवव्या ओळीवर ‘जीआय’ नावाचं काहीतरी इम्पोर्ट करायला, म्हणजे दुसऱ्या फाईलमधला कोड आत घ्यायला, गेलं आणि आपटलं: इम्पोर्ट एरर, अंडरस्कोर जीआय हे नाव इम्पोर्ट करता येत नाही, मॉड्यूल अर्धवटच तयार झालंय, आणि कंसात, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे.

या कंसातल्या ‘बहुधा’नं माझा अर्धा तास खाल्ला. मी मोबाईलवर सर्क्युलर इम्पोर्ट म्हणजे काय ते वाचत बसले, दोन फाईली एकमेकींना बोलवतात आणि दोघीही अडकतात वगैरे. त्याचा इथे काडीचा संबंध नव्हता. पायथननं आपला अंदाज सांगितला होता आणि तो चुकला होता, एवढंच. एररमध्ये काय झालं ते खरं असतं, का झालं ते खरं असेलच असं नाही, हे त्या दिवशी अंगावर आलं.

मग सर्क्युलरचा नाद सोडला आणि वेगळाच प्रश्न पडला की टर्मिनल हे तर सी या दुसऱ्याच भाषेत लिहिलेलं, ते पायथनचा ट्रेसबॅक का देतंय? ‘फाईल’ नावाची कमांड आहे, एखादी फाईल नक्की काय आहे ते सांगते. ती यूएसआर बिन या प्रोग्रामांच्या फोल्डरमधल्या नोम-टर्मिनलवर चालवली. उत्तर: पायथन स्क्रिप्ट. म्हणजे आपण टर्मिनल म्हणून जे उघडतो ते उबुंटू २०.०४ वर एक छोटी पायथनची स्क्रिप्ट असते, आणि खरा प्रोग्राम तिच्या शेजारीच नोम-टर्मिनल डॉट रिअल या नावानं बसलेला असतो. स्क्रिप्टची पहिली ओळ बघितली, तिथे लिहिलेलं की मला यूएसआर बिन पायथन-३ नं चालवा.

आणि इथे मला रात्रीचं सगळं आठवलं. खात्री करायला हिस्टरी टाईप केलं, आधी टाकलेल्या कमांडची यादी येते, तर तिथे ओळीनं पुरावा.

झालं असं होतं, टीममधल्या एकानं पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये रिमूव्हप्रिफिक्स होतं, मजकुराच्या सुरुवातीचा तुकडा काढून टाकायची सोय, ती पायथन ३.९ पासून आली, आणि उबुंटू २०.०४ बरोबर येतो ३.८. म्हणून मी डेडस्नेक्सच्या पीपीएवरून, म्हणजे उबुंटूच्या बाहेरच्या एका सॉफ्टवेअर-साठ्यावरून, ३.९ घेतला. इथपर्यंत काहीही चूक नाही, दोन्ही व्हर्जन सुखानं शेजारी शेजारी राहतात. पण दरवेळी पायथन-३.९ असं पूर्ण टाईप करायचा मला कंटाळा, मला नुसतं पायथन-३ म्हणलं की ३.९ च यायला हवा होता. कुठेतरी दोन ओळींचं उत्तर सापडलं, अपडेट-अल्टरनेटिव्ह्जचं, म्हणजे एका नावानं कुठला प्रोग्राम चालेल ते ठरवणाऱ्या कमांडचं, ते चिकटवलं. व्हर्जन विचारलं तर ३.९. स्क्रिप्ट चालली. झोपले. आणि सकाळी फोनवर म्हणतेय की काहीच नाही केलं!

म्हणजे पूर्ण सिस्टिमच्या पायथन-३ या नावाची पाटी मी ३.८ च्या दारावरून काढून ३.९ च्या दारावर लावली होती. आणि उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्या पाटीकडे बघून चालतात. जीआयचा फोल्डर उघडून बघितला, यूएसआर लिब पायथन-३ डिस्ट-पॅकेजेसच्या आत, तर तिथे ती अंडरस्कोर जीआयची फाईल होती, पण तिच्या नावातच लिहिलेलं, सीपायथन-३८. ही सी मधून तयार केलेली फाईल, ३.८ साठी घडवलेली, ३.९ तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्याच्या दृष्टीनं ती फाईल तिथे नाहीच. ॲप्टच्या फाईलचंही तेच. सॉफ्टवेअर अपडेटरचंही तेच, तोही पायथनच. फायरफॉक्स, कॅल्क्युलेटर उघडत होते कारण त्यांचं पायथनशी काही घेणंदेणं नव्हतं.

आणि रात्री का नाही कळलं? याचं उत्तर मला नंतर दोन दिवसांनी मिळालं आणि ते मला फार आवडलं. नोम-टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या मिळून मागे एकच सर्व्हर प्रोसेस असते. माझी खिडकी आधीपासून उघडी होती, त्यातून कंट्रोल शिफ्ट एन दाबून मी नवीन खिडक्याही उघडल्या होत्या, त्या थेट सर्व्हरनंच काढून दिल्या, ती पायथनची स्क्रिप्ट मध्ये आलीच नाही. घरात आधीच बसलेल्या माणसाला दाराचं कुलूप बदललंय हे कळत नाही. रात्री मशीन बंद केलं, सकाळी सगळेच बाहेर.

आता दुरुस्ती. उपाय तर दोन मिनिटांचा होता, अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज ला कॉन्फिग म्हणून पायथन-३ ची यादी मागवायची आणि ३.८ च्या पुढचा आकडा टाकायचा. ते केलं असतं आणि गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मला आता त्या अल्टरनेटिव्ह्जचा रागच आला होता, म्हणलं मुळासकट काढून टाकू, आणि रिमूव्ह-ऑल मारलं. हात दाखवून अवलक्षण. त्यानं नोंदी तर काढल्याच, पण बरोबर यूएसआर बिनमधला पायथन-३ हा दुवाही काढून टाकला. आता मशीनवर ३.८ आहे, ३.९ आहे, पण पायथन-३ या नावाचं कुणीच नाही. आगीतून फुफाट्यात. नशीब की नुसता दुवा करायला पायथन लागत नाही, एलएन मायनस एस नं पायथन-३.८ कडे बोट दाखवणारा पायथन-३ हातानं परत केला, सुडो लावून. व्हर्जन विचारलं, ३.८. श्वास सोडला.

कंट्रोल ऑल्ट एफ टू. कंट्रोल ऑल्ट टी. ती जांभळी खिडकी उघडली आणि मी मोठ्यानं "आली!" म्हणले, बाहेरून सासूबाईंनी विचारलं कोण आलं.

एक सांगते, शोधताना बऱ्याच ठिकाणी असा सल्ला दिसला की यूएसआर बिनमधल्या त्या स्क्रिप्टची पहिली ओळ बदला, पायथन-३ चं पायथन-३.८ करा, टर्मिनल उघडेल. उघडेलही. पण बाकी सगळी जी मोडलेली आहेत ती तशीच राहतील, आणि टर्मिनलचा पुढचा अपडेट आला की तुमची बदललेली ओळ पुसून जाईल. गळक्या छताखाली बादली ठेवायचा उपाय आहे तो. नवा पायथन पाहिजे तर आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हेन्व, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी खोली, करा, पायथन-३.९ नं, त्याचं व्हेन्वचं पॅकेज वेगळं घ्यायला लागतं तेवढं घ्या. त्या व्हेन्वच्या आत नुसतं पायथन म्हणलं तरी ३.९ च येतो, म्हणजे मला जे हवं होतं तेच, सिस्टिमला हात न लावता. दुपारी तीनला तसं करूनच स्क्रिप्ट दाखवली.

त्याच दिवशी एक्सटर्म नावाचं दुसरं टर्मिनल टाकून ठेवलं. दिसायला अगदीच कळकट, पांढऱ्या पाटीवर बारीक अक्षरं, पण ते नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, कुठल्याच भानगडीत नसतं. संकटकाळची मेणबत्ती. आणि ती पुढच्या वर्षी लागलीच.

हे दुसरं दुखणं पायथनचं नव्हतं, पण लक्षण हुबेहूब तेच: कंट्रोल ऑल्ट टी, चक्र, गायब. मी मनात म्हणलं, परत पायथन? व्हर्जन बघितलं, ३.८ जागच्या जागी. यावेळी रीइन्स्टॉल वगैरेच्या वाटेला गेले नाही, ऑल्ट एफ टू मधून एक्सटर्म उघडलं आणि तिथून नोम-टर्मिनलला हाक मारली. यावेळी ट्रेसबॅक नाही, एक लांबलचक वाक्य, त्यात प्रॉक्सी, फॅक्टरी झिरो, सर्व्हिस सुरू करता आली नाही असं काहीबाही. म्हणजे यावेळी स्क्रिप्ट ठीक होती, मागचा सर्व्हरच उठत नव्हता. सर्व्हर मेला तर तो कुठे बोलतो? जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत. जर्नलसीटीएल ला यूजर जोडून शेवटच्या ओळी बघितल्या. नोम-टर्मिनल-सर्व्हर बंद पडला, स्टेटस ८, आणि त्याच्या वरच्या ओळीत सरळ कारण: नॉन यूटीएफ-८ लोकेल, कंसात एएनएसआय एक्स ३.४ - १९६८, चालणार नाही.

ते १९६८ बघून मला हसू आलं. ते आस्कीच्या मानकाचं नाव आहे, १९६८ सालचं, सात बिट, १२८ खुणा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढंच विश्व. नोम-टर्मिनलला यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या सामावणारी पद्धतच लागते, त्याशिवाय ते सुरूच होत नाही. पण माझं मशीन १९६८ मध्ये गेलं कसं?

यावेळी ‘काहीच नाही केलं’ असं म्हणायची सोय नव्हती, आधीच हिस्टरी उघडली. तर मी हौसेनं तारखेचा फॉरमॅट मराठी ठेवलाय, वर घड्याळात ‘सोम’, ‘मंगळ’ असे वार दिसतात, मला छान वाटतं. पण उबुंटूवरून एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या सोयीनं, दुसऱ्या सर्व्हरवर गेलं की हे लोकेलचे व्हेरिएबल आपल्याबरोबर तिकडे जातात, तशी सोय एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये आधीच केलेली असते. तिकडे त्या सर्व्हरला एमआर-आयएन हे मराठी लोकेल म्हणजे काय ते माहीत नाही, मग पर्ल (हीसुद्धा पायथनसारखी एक भाषा) ते वापरणाऱ्या दर कमांडला कटकट करतं की लोकेल सेट झालं नाही, तुमचं लोकेल तपासा. आठवडाभर ती कटकट ऐकून शेवटी कुठूनतरी उपाय घेतला, एलसी-ऑल इज इक्वल टू सी, म्हणजे सगळ्या लोकेलच्या जागी ‘सी’ नावाचं साधं आस्कीचं लोकेल, प्रोफाईलमध्ये टाका. टाकला. पण सर्व्हरच्या प्रोफाईलमध्ये नाही, तर माझ्याच मशीनच्या, होम फोल्डरमधल्या डॉट प्रोफाईलमध्ये. पर्ल गप्प झालं, कारण आता इथूनच ‘सी’ जायला लागलं. आणि डॉट प्रोफाईल वाचली जाते ती लॉगिन करताना, त्यामुळे तेव्हा काही बिघडलं नाही, तीन दिवसांनी अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलं तेव्हा बिघडलं. तोपर्यंत मी ती ओळ विसरून गेलेले.

मजा म्हणजे पुरावा सकाळपासून डोळ्यासमोर होता. वरच्या घड्याळात ‘मंगळ’ च्या जागी इंग्रजीतला ‘ट्यू’ दिसत होता. मी तो बघितलाही होता आणि मनात म्हणाले होते, अरे हे इंग्रजी कसं झालं, बघू नंतर.

ती ओळ काढली, रीस्टार्ट केलं, टर्मिनल उघडलं, वर मंगळ परत आला. पर्लची कटकटही परत आली, ती आपली वेगळी. त्या सर्व्हरवर सुडो होतं म्हणून लोकेल-जेननं तिथे मराठी लोकेल तयार करून टाकलं. दुसऱ्या एका सर्व्हरवर तसा अधिकार नव्हता, तिथल्यासाठी माझ्या एसएसएच कॉन्फिगमधली व्हेरिएबल पाठवणारी ती सेंड-एन्व्हची ओळ बंद केली. तेव्हापासून तिकडे इंग्रजी वार, इकडे मराठी, आणि एक्सटर्म अजून आहे मशीनवर, उघडलं नाही बरेच दिवसांत.